निळडोळीची टोकं

१

गुरुवारी सकाळी साडेआठला वॉचमनने जुन्या दगडखाणीत वाकून पाहिलं आणि तो तिथूनच ओरडत सुटला.

मॅडम तळाशी पडल्या होत्या. डावा पाय अंगाखाली दुमडलेला, चष्मा कुठेतरी उडालेला, आणि दोन्ही हातांच्या नखांत लाल माती भरलेली. शेजारी त्यांचा प्रेस होता. झाडं दाबून वाळवायच्या दोन लाकडी जाळ्या, मधे टीपकागद, वरून दोन पट्टे. पट्टे घट्ट आवळलेले होते.

आमचं काम वाळलेल्या झाडांचं. चार खोल्या, बहात्तर लोखंडी कपाटं, आणि प्रत्येक कपाटात जाड कागदांची शीटं. एका शीटवर एक झाड. मॅडम या संग्रहाच्या प्रमुख, सर त्यांच्या हाताखालचे. दोघं झाडं आणायचे आणि मी ती कागदावर चिकटवायची, जाड देठ असला तर दोऱ्याने टाचायची. सव्वीस वर्षं हेच केलं. इमारतीच्या मागे मॅडमच्या मालकीचा गवताचा उतार आहे. उतार संपतो तिथे खाण.

इन्स्पेक्टर नऊला आले, आणि खाण पाहून, डॉक्टर गेल्यावर, अकराला आमच्या खोलीत शिरले. डांबरगोळ्यांच्या वासाने त्यांना दारातच सलग चार शिंका आल्या.

"इथे माणसं बसतात की गरम कपडे ठेवतात?" नाक पुसत त्यांनी प्रेस माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही कोण?"

मी चिठ्ठीवर लिहून दाखवलं.

"मुक्या आहेत का या?"

"नाही हो," सर दारातून म्हणाले. त्यांचे डोळे सुजले होते. "ताईंचा नेम आहे. दुपारी बारापर्यंत मौन. सोळा वर्षं झाली."

"बरं आहे. एक तरी साक्षीदार थोडक्यात बोलेल."

त्यांनी पट्टे सोडले. आत वर्तमानपत्राची एकच घडी होती, आणि घडीत गवतासारखं एकच झाड. त्याला दोन निळी फुलं होती, शर्टाच्या बटणाएवढी, मधे पिवळा ठिपका. मला ओळखायला वेळ लागला नाही. मॅडमची लाडकी निळडोळी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचं नीट पाहायचं राहिलं.

इन्स्पेक्टर मात्र झाडाकडे पाहत नव्हते, पेपरकडे पाहत होते. बुधवारचा, संध्याकाळचा.

"हा इथे किती वाजता येतो?"

साडेचार, मी लिहिलं.

"म्हणजे साडेचारला बाई जिवंत होत्या. पेपर घेतला, उतारावर गेल्या, झाड दाबलं. डॉक्टर आत्ताच बघून गेले, जीव गेला तो सहा-सातच्या सुमाराला. मग साडेचारनंतर त्या उतारावर आणखी कोण होतं?"

माझा आणखी एक नेम आहे. खोटं बोलायचं नाही. लिहायचंही नाही.

माळी, मी लिहिलं.

"त्याचं बाईंशी भांडण झालं होतं म्हणे. तुमचा कोण लागतो तो? सगळे सांगताना तुमच्याकडे बघतायत."

पेन्सिलीचं टोक कागदावर तसंच थांबलं. मग मी लिहिलं : माझे धाकटे दीर.

२

पोलिसांनी भाऊजींना धरून नेलं होतं. शुक्रवारी दुपारी ठाण्यात त्यांना भेटायला गेले. तिथे बाक एकच होता. ते उठून उभे राहिले आणि मला बसायला लावलं, जणू ते घरीच होते.

"वहिनी, शपथेवर सांगतो, मला ते गवतच वाटलं हो."

भांडण त्याचंच होतं. मागच्या आठवड्यात भाऊजींनी उताराच्या एका पट्ट्यावर गवत कापायचं मशीन चालवलं, आणि गवताबरोबर निळडोळीही गेली.

"मॅडम म्हणाल्या, डोळे फुटले होते का, एवढं निळं दिसलं नाही? मी गेलो चारला. चारला त्यात निळं काय असतं सांगा! हिरवी पात, बाकीच्या पातीसारखी. त्या म्हणाल्या, पुन्हा मशीन लावलंस तर कायमचा घरी बस. मी म्हटलं, बसतो. दोघंही तापलो होतो."

"बुधवारी कुठे होतात?"

"अकराला रोपं आणायला गेलो, चारला परत. रोपवाटिकेत माझी सही आहे. पण साहेब म्हणतात, दुपारचं तुला विचारलंय कुणी?" त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाच ते सहा पाणी घालत होतो. एकदा वाटलं, कुणीतरी कण्हतंय. नळी बंद केली, कान दिला. मग काही नाही. खाणीत पारवे घुमतात ना, म्हटलं तेच असतील. पुन्हा नळी सोडली."

"हे त्यांना सांगितलंत?"

"काय सांगू? म्हणतील, ऐकलंस तर बघायला का गेला नाहीस?" ते हसल्यासारखं करत म्हणाले, "मीही स्वतःला तेच विचारतोय, वहिनी."

बाहेर इन्स्पेक्टर उभे होते.

"सोमवारी पुन्हा कोर्टात उभा करतोय त्याला. दिराची बाजू घ्यायला आला असाल तर बारा वाजून गेलेत, बोला."

"बाजू नाही घेत," मी म्हटलं. "एक विचारते. मॅडमच्या नखांत माती कशी?"

"खाणीत पडल्यावर माती लागणारच."

"लागेल. नखांत भरायची नाही. त्यासाठी उकरावं लागतं."

त्यांनी वही काढून तेवढं लिहून घेतलं. घरी येईपर्यंत मी एकच हिशोब मांडत होते. भाऊजींनी ऐकलं ते पारवे नसतील, तर ते नळी धरून उभे होते तेव्हा मॅडम आधीपासूनच खाली होत्या. किती आधीपासून?

३

शनिवारी मॅडमचा पुतण्या आला. त्याला आत्याच्या खोलीची किल्ली हवी होती, आणि बहुधा कुणीतरी ऐकून घेणारं.

"बुधवारी मीही आलो होतो. पोलिसांना सांगितलंय, लपवण्यासारखं काही नाही. बाराला आलो, उतारावर आत्याला भेटलो, साडेबाराला गेलो. संध्याकाळी दुकानात होतो, गिऱ्हाइकांना विचारा."

"उताराबद्दल आला होतात?"

"आणखी कशाबद्दल? खाणवाले तीन वर्षं मागे लागलेत. पण तुमच्या सरांनी ठरवून टाकलंय ना, हे गवत जगात दुसरीकडे नाही. झालं! उद्या माझ्या वाट्याला येणारी जमीन, आणि तिच्यावर मालकी गवताची." तो खुर्चीत बसला. "आत्या त्या दिवशी मात्र चमत्कारिक बोलली. एरवी अंगावर यायची. बुधवारी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, महिनाभर दम धर, तुझा उतार मोकळा होईल. मग जे पटेल ते कर, मी सांगेन तेवढं ऐकून घे. मी जाताना सर वर उताराकडे चालले होते. विचारलं, आत्याचं काय चाललंय? ते म्हणाले, बोलावलंय, बघतो."

सरांनी अकरा वर्षांपूर्वी नवी जात म्हणून नोंदवली ती हीच. निळडोळी पुष्कळ ठिकाणी उगवते. तिच्या सहा पाकळ्यांना प्रत्येकी एक टोक असतं, पापणीच्या केसाहून बारीक. आमच्या उतारावरच्या निळडोळीला ते नाही, एवढाच फरक. त्या फरकावर सरांचं नाव झालं, आणि पुढच्या महिन्यात ते मॅडमच्या खुर्चीवर बसणार होते.

पुतण्या गेल्यावर बुधवारची सकाळ मला पहिल्यापासून आठवली. अकराच्या सुमाराला मॅडम माझ्या टेबलाशी आल्या होत्या, गुडघ्यांना माती, कपाळावर घाम. पेपरची एक घडी माझ्यापुढे उघडली. आत निळडोळी, तीन फुलं, जमिनीवर बसून तिथल्या तिथे दाबलेली.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसती टोकं मोज."

मी भिंग लावलं. एका फुलाला सहा. तिन्ही मिळून अठरा. मी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग एका हाताची पाच, मग तीन.

"अठरा," त्या म्हणाल्या. त्यांना आनंद झाला नव्हता. "मीच अकरा वर्षांपूर्वी उन्हात जाऊन मोजायला हवी होती. आज उतारावर नेऊन दाखवतेच." ती घडी माझ्याजवळ ठेवून त्या गेल्या.

त्या कुणाला नेणार होत्या ते मी विचारलं नाही. बाराला अजून पाऊण तास होता.

दारावर टकटक झाली. सर होते.

"ताई, प्रेसमधलं ते झाड तुमच्याकडे वाळतंय ना? माझ्याकडे द्या. मॅडमचं शेवटचं झाड. त्याचं शीट मी स्वतः करतो."

४

"पोलिसांचं आहे सर," मी म्हटलं. "सडू नये म्हणून रोज टीपकागद बदलायला सांगितलंय. त्यांना विचारून देते."

"विचारा, विचारा," सर म्हणाले आणि गेले. ते माझ्याशी कधीच वाईट वागले नव्हते, हेही इथे सांगायला हवं. माझे यजमान गेले तेव्हा तीन महिने माझी शीटं त्यांनी रात्री जागून पुरी केली होती, आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

सरांची शीटं म्हणजे चित्रं. मिटलेलं फूल आलं तर ते चिमट्याने हळूच उघडायचे, पाकळी पाकळी सहा दिशांना बसवायचे. पाहुणे आले की तीच शीटं बाहेर निघत. मॅडमची शीटं ओबडधोबड. फूल मिटलेलं असलं तर मिटलेलं, किडीने खाल्लेलं असलं तर खाल्लेलं. "झाडाला कसलं नटवायचं?" त्या म्हणायच्या. "ते मरताना जसं होतं तसं दाखव."

तीन वाजता टीपकागद बदलायला मी घडी उघडली. दोन निळी फुलं माझ्याकडे टक लावून पाहत होती, पूर्ण उमललेली. मी मान वर केली. खिडकीबाहेर उतार लख्ख उन्हात होता आणि नुसता हिरवा होता. एकही निळा ठिपका नाही.

हातातला टीपकागद मी खाली ठेवला.

भाऊजींनी सांगितलं होतं, चारला त्यात निळं काय असतं? निळडोळीचं फूल एका दिवसाचं. दहाच्या उन्हात उघडतं आणि दुपार कलली की पीळ घालून मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. तोडून डब्यात ठेवलं तर त्याहून आधी मिटतं, म्हणून तर मॅडम जमिनीवर बसून दाबायच्या. साडेचारच्या पेपरात उमललेली निळडोळी असूच शकत नव्हती.

मी भिंग उचललं. प्रत्येक पाकळीच्या तळाशी एक बारीक काळसर चिमट्याची खूण होती. बारा पाकळ्या. एकीलाही टोक नव्हतं.

मी घडी कोऱ्या कागदावर कलती धरून बोटाने हळूच टिचकी मारली. पेपरच्या दुमडीतून काहीतरी पडलं, केसाच्या तुकड्यांसारखं. नऊ तुकडे.

उशिरा तोडलेलं, मिटलेलं फूल कुणीतरी उघडून दाबलं होतं, आणि साडेचारला मॅडम चालत्याफिरत्या होत्या असं वाटावं म्हणून त्या पेपरात ठेवलं होतं. मॅडमचा जीव सहाला गेला असेल, पण त्या पडल्या दुपारी. आणि दुपारी भाऊजी रोपवाटिकेत होते. उतारावर दोघेच गेले होते : पुतण्या आणि सर.

मी इन्स्पेक्टरांना फोन केला. "उद्या रविवार आहे, पण या. एकदा बाराला या आणि एकदा तीनला. मधे जेवून या."

५

ते दोन्ही वेळा आले. बाराला निळा उतार पाहिला, तीनला हिरवा. दुसऱ्यांदा वाकून त्यांनी बोटाने एक पात उलटून पाहिली.

साडेतीनला सर आणि पुतण्या माझ्या खोलीत बसले होते. मी टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या : बुधवारी सकाळी मॅडमनी दिलेली घडी, प्रेसमधली घडी, आणि अकरा वर्षांपूर्वीचं सरांचं शीट, ज्यावरून नवी जात ठरली.

"पहिल्यात अठरा टोकं आहेत," मी म्हटलं. "दुसऱ्यात एकही नाही. दोन्ही झाडं एकाच उतारावरची, एकाच दिवसाची."

"मग दुसरं उघडलं कुणी?" पुतण्याने विचारलं. "मला तर ते गवत हातात धरता येत नाही."

"आणि तुम्हाला आत्या जिवंत हव्या होत्या," मी म्हटलं. "हे गवत साधंच निघालं असतं तर तुमचा उतार सुटला असता. त्या महिनाभरात तेच लिहिणार होत्या."

पुतण्याचं तोंड उघडं राहिलं. त्याला आत्ता कळलं.

सर शांतपणे म्हणाले, "मॅडमनीच उघडलं असेल, ताई. घाईत."

"सव्वीस वर्षांची त्यांची शीटं बाहेर काढते. एक फूल दाखवा त्यांनी उघडलेलं. आणि त्या दिवशी तर त्यांना टोकंच दाखवायची होती. टोकं राखायला त्या उन्हात जमिनीवर बसल्या, आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने मोडतील?"

"माझ्या शीटवरच्या फुलांना टोकं नव्हतीच. ती जातच तशी आहे."

मी ते शीट ओढून घेतलं. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात मी कागदाची एक छोटी पुडी चिकटवते. चिकटवताना झाडाचं जे गळेल ते, बी असो, पान असो, धुळीएवढं काही असो, ते त्या पुडीत जातं. मी काही फेकत नाही. अकरा वर्षांपूर्वी सरांच्या घडीतला कचरा मी कुंचल्याने गोळा केला होता, न पाहता.

पुडी पांढऱ्या कागदावर उघडली. दोन सुकी पानं, मातीचा कण, आणि ती टोकं. मी मोजली नाहीत. इन्स्पेक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग सरांपुढे सरकवलं. सरांनी ते उचललं नाही.

"फूल मिटताना पाकळ्यांना पीळ पडतो," मी म्हटलं. "टोकं एकमेकांत अडकतात. चिमट्याने उघडलं की मोडतात. तुम्ही खोटं नव्हतं केलं, सर. तुम्ही फक्त सुंदर केलं होतं."

"ढकललं नाही मी त्यांना," सर म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. "मला उन्हात बसवून मोजायला लावलं. लहान मुलासारखं. शंभर फुलं मोजली मी. प्रत्येकाला टोक. म्हटलं, मॅडम, पुढच्या महिन्यापर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, झाड थांबत नाही. मी प्रेस मागितला. त्या देईनात. त्यांची पाठ खाणीकडे होती. एका पट्ट्याला त्यांचा हात, दुसऱ्याला माझा. दोघंही ओढत होतो. मग सुटला."

"सुटला की सोडला?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

सरांनी पुढ्यातलं भिंग दूर सारलं.

"सोडला," सर म्हणाले.

"खाली पाहिलंत?"

"हलत नव्हत्या. मी दोनला बैठकीला निघालो. तीनपासून आठपर्यंत तिथे होतो. नंतर बॅटरी घेऊन खाली उतरलो, त्यांच्या घड्या काढल्या, ही ठेवली. घड्या जाळल्या." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "फूल मी का उघडलं ते मलाही माहीत नाही. अंधार होता. खिशात चिमटा होता, हाताने आपोआप उघडलं."

"दोनला हाक मारली असती," इन्स्पेक्टर म्हणाले, "तर कदाचित वाचल्या असत्या. डॉक्टर म्हणतात, पाच-सहा तास जीव होता. या ताईंनी मला नखांबद्दल विचारलं, तेव्हा मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. माती उकरून तीन हात वर चढल्या होत्या त्या. मग घसरल्या."

सरांनी टेबलावर डोकं टेकलं. त्यांच्या श्वासाने पुडीतली टोकं उडाली, आणि मी सवयीने हात आडवा धरला.

६

भाऊजी सोमवारी सुटले. मंगळवारी कामावर आले, मशीन शेडमधून बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा आत ठेवलं.

मी मॅडमचं शीट करत होते. अठरा टोकांचं. कोपऱ्यात पुडी चिकटवली, रिकामीच. त्यांच्या झाडातून काही गळलं नव्हतं.

दहा वाजले असतील. खिडकीबाहेर उतार निळा व्हायला लागला होता. भाऊजी दारात येऊन उभे राहिले, टोपी हातात. आत आले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "साहेबांनी सोडताना फक्त एवढंच सांगितलं की दुपारी पडल्या. बाकी काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही."

मी डिंकाचा ब्रश बशीत ठेवला.

"तो आवाज," ते म्हणाले. "मी नळी बंद केली होती ना, तो. ते पारवेच होते ना?"

त्यांना माझा नेम ठाऊक होता. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बारानंतर विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मी खोटं बोलत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते दहाला आले होते.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. पेन्सिल उचलली नाही. मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग टोपी डोक्यावर घातली, नीट केली, आणि उताराकडे निघाले. खिडकीतून मला दिसत होतं. फुलं उघडली होती तिथे ते थांबले, आणि त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून लांबचा वळसा घेऊन खाणीच्या कडेशी जाऊन बसले.

बारा वाजले तेव्हाही ते तिथेच होते. मी हात धुतले आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. खाली पारवे घुमत होते. आम्ही दोघं ऐकत राहिलो, आणि निळडोळी मिटेपर्यंत तिथून उठलो नाही.